काउंटरवरचे बिल आणि रॅकवरचा माल

तयार कपड्यांच्या दुकानात एका शर्टाची नोंद म्हणजे एका वस्तूची नोंद नसते. एकाच डिझाइनचा शर्ट चार रंगांत आणि ३८ ते ४८ अशा सहा मापांत आला, की दुकानाच्या हिशेबात चोवीस वेगवेगळ्या वस्तू जमा होतात. रंग आणि माप यांच्या अशा प्रत्येक जोडीला, म्हणजे साठ्यात स्वतंत्रपणे मोजायच्या सर्वांत लहान घटकाला, किरकोळ व्यापारात ‘एसकेयू’ म्हणतात. साबणाच्या वड्या एकमेकींसारख्याच असल्याने त्यांतली एखादी इकडेतिकडे झाली तरी विक्री अडत नाही, पण ४२ मापाचा निळा शर्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ४४ मापाचा हिरवा दाखवून भागत नाही. त्यामुळे पॉइंट ऑफ सेल, म्हणजे बिल करण्याची काउंटरवरची यंत्रणा, बदलण्याचा विचार जेव्हा एखादे दुकान करते, तेव्हा खरा प्रश्न बिल किती लवकर निघेल एवढाच नसतो. संगणक जे ‘आहे’ म्हणतो ते रॅकवर खरोखर आहे का, हा असतो.

पुस्तकी साठा आणि प्रत्यक्ष साठा यांत पडणाऱ्या फरकाला चोरी हे एक कारण असते, परंतु बराचसा फरक प्रामाणिक माणसांच्या घाईतून निर्माण होतो. दिवाळीच्या गर्दीत एक कुटुंब एकाच किमतीचे तीन कुर्ते घेऊन काउंटरवर येते. त्यांतला एक मरून, दुसरा पिस्ता आणि तिसरा काळा असतो. मागे रांग खोळंबलेली असल्याने काउंटरवरचा मुलगा वरच्याच कुर्त्याचा बारकोड वाचून नगसंख्येच्या चौकटीत ‘३’ टाकतो. बिलाची रक्कम अचूक येते, कर अचूक लागतो, रात्री गल्लाही जुळतो. परंतु संगणकात मरून कुर्ते तीनने कमी होतात, तर पिस्ता आणि काळा हे दोन्ही विकले गेलेले असूनही शिल्लक दिसत राहतात. पैशांच्या हिशेबात न दिसणारी ही चूक पुढे खरेदीत उमटते, कारण मालक नको असलेला मरून रंग पुन्हा मागवतो आणि संपलेला काळा मागवायचा राहून जातो. बदलून दिलेला माल, शाखेतून शाखेत पाठवलेला माल आणि पसंतीसाठी घरी नेलेला माल यांच्या नोंदी मागे पडल्या, की तफावत आणखी वाढते.

बारकोडाची मर्यादा येथेच स्पष्ट होते. या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत १९५२ साली नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना मिळाले, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे पाकीट बारकोड वाचून पहिल्यांदा विकले गेले. बारकोड वस्तूचा प्रकार सांगतो, तो विशिष्ट नग सांगत नाही. एका प्रकारच्या दहाही शर्टांवर एकच क्रमांक असतो. शिवाय छोट्या उत्पादकांचा बराच माल क्रमांकाविना येतो आणि दुकानालाच स्वतःची लेबले छापून चिकटवावी लागतात. तेथे एका लेबलाची गफलत झाली, की पुढची प्रत्येक नोंद चुकत जाते.

यंत्रणा बदलण्याचे काम म्हणूनच नव्या यंत्रांपासून नव्हे, तर जुन्या याद्यांच्या सफाईपासून सुरू होते. वर्षानुवर्षे वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या यादीत एकच वस्तू ‘फुल शर्ट’, ‘शर्ट फुल’ आणि ‘फु. शर्ट’ अशा तीन नावांनी नांदत असते, आणि एकाने ‘वाइन’ म्हटलेला रंग दुसऱ्याने ‘मरून’ म्हणून चढवलेला असतो. ही नावे एकरूप केल्याशिवाय यादी नव्या प्रणालीत नेली, तर जुना गोंधळ अधिक वेगाने चालू राहतो. त्यानंतर प्रत्यक्ष मोजणी येते. दुकान बंद झाल्यावर रॅक, कपाटे आणि गोडाऊन यांना क्रमांक दिले जातात, एक जण नग हाताळतो व दुसरा नोंदतो, आणि मोजलेल्या खणावर खुणेची चिठ्ठी लागते. पुतळ्यांच्या अंगावरचे कपडे, ट्रायल रूममध्ये राहिलेले नग, सदोष म्हणून बाजूला ठेवलेला माल आणि अल्टरेशनसाठी शिंप्याकडे गेलेल्या पँटी या जागा मोजणीत हमखास सुटतात. अनुभवी सेल्समन त्या आधी सांगतो, आणि त्याचे ते ज्ञान कोणत्याही प्रणालीत आधीपासून भरलेले नसते.

मोजणीचे हे कष्ट कमी करणारे तंत्र म्हणजे आरएफआयडी, अर्थात रेडिओलहरींनी ओळख पटवण्याची पद्धत. टॅगमध्ये सूक्ष्म चिप व पातळ अँटेना असते, त्याला स्वतःची बॅटरी नसते. हातातील रीडरच्या लहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते आणि तो आपला क्रमांक परत पाठवतो. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा वापरला जातो. प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देता येत असल्याने मरून आणि पिस्ता यांची गल्लत होत नाही, आणि घडी न उलगडता रॅकसमोरून रीडर फिरवून शेकडो नग थोड्या वेळात मोजता येतात. झाराची मालक असलेल्या स्पेनमधील इंडिटेक्सने हा बदल २०१४ साली जाहीर केला आणि चिप चोरीविरोधी कडक टॅगमध्ये बसवली, जेणेकरून विक्रीनंतर टॅग काढून पुन्हा वापरता यावा. युनिक्लोच्या अनेक दुकानांत कपडे खाचेत ठेवताच बिल तयार होते. मात्र धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते, त्यामुळे लोखंडी रॅक किंवा धातूची जर असलेल्या साड्या यांच्यापाशी आधी चाचणी घेणे आवश्यक ठरते.

भारतीय काउंटरवर करआकारणीची अडचण वेगळी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत विक्रीमूल्य असलेल्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागतो. करासह ३,२०० रुपये छापील किमतीच्या ड्रेसवर २० टक्के सूट दिली, की ग्राहक २,५६० रुपये देतो. ५ टक्के कर वेगळा केल्यावर मूल्य सुमारे २,४३८ रुपये उरते आणि तो नग खालच्या दरात येतो. सूट कपड्यांच्या प्रत्येक नगावर वाटून दर तपासण्याची क्षमता प्रणालीत नसेल, तर सेलच्या दिवसांत प्रत्येक बिल संशयास्पद ठरते. इंटरनेट बंद पडल्यावरही बिले निघावीत आणि जोडणी परतताच ती मुख्य नोंदीत जावीत, हीदेखील किमान अपेक्षा आहे.

बदलाची वेळ निवडतानाही हिशेब आणि हंगाम यांत ओढाताण होते. बिलांचे क्रमांक आर्थिक वर्षानुसार चालतात, म्हणून लेखापालाला १ एप्रिल सोयीचा वाटतो. पण तेव्हा लगीनसराईची गर्दी तोंडावर असते. देवशयनी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात, पावसाळी सेलमुळे साठाही हलका होतो आणि श्रावणानंतरच्या सणांपर्यंत कर्मचाऱ्यांना शिकायला अवधी मिळतो. त्या काळात एका शाखेत जुनी व नवी प्रणाली काही दिवस समांतर चालवून रोजचा फरक तपासणे, आणि मगच दुसऱ्या शाखेकडे वळणे, हा क्रम सुरक्षित आहे.

या सर्व प्रक्रियेत सर्वाधिक लक्ष काउंटरकडे जाते, कारण तो ग्राहकाला दिसतो; परंतु साठ्याचा खरेपणा ठरतो तो माल उतरवून घेण्याच्या टेबलावर, जेथे गठ्ठा सुटतो, चलनाशी नग ताडले जातात आणि लेबल लागते. मालकाने नव्या यंत्रांवर खर्च करताना त्या टेबलावरच्या माणसाला पुरेसा वेळ, पुरेसा उजेड आणि चूक सापडल्यास माल परत पाठवण्याचा अधिकार दिला पाहिजे. तेथे नग नीट नोंदला गेला, तरच काउंटरवर ‘आहे’ म्हणणारा संगणक विश्वासाला पात्र ठरतो.