चोप : रुळांनी घडवलेले सीमेवरचे गाव

चोप हे युक्रेनच्या पश्चिम टोकाचे छोटे गाव. झाकार्पात्या प्रांतात, तिसा नदीच्या सखल काठावर, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांच्या सीमा युक्रेनला जिथे येऊन मिळतात तिथे ते वसले आहे. प्रांताची राजधानी उझहोरोद इथून बावीस किलोमीटरवर. वस्ती नऊ हजारांच्या आसपास. २००१ च्या जनगणनेनुसार त्यांतले सुमारे ४० टक्के हंगेरियन. एवढ्याशा गावाचे स्थानक मात्र एखाद्या मोठ्या शहराला शोभावे असे आहे. पूर्वेकडून रुंद रूळ येतात, पश्चिमेकडून अरुंद रूळ येतात, आणि या दोहोंची गाठ चोपच्या यार्डात पडते.

चोपचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या स्थानकाचा इतिहास. विसाव्या शतकात हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत संघ आणि युक्रेन अशा पाच राज्यांत होते. १९१० साली इथे जन्मलेला आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे जगलेला माणूस आपले घर न सोडता या पाचही राज्यांचा रहिवासी झाला असता. सीमा गावाभोवती सरकत राहिल्या आणि त्या कुठे थांबाव्यात हे ठरवण्यात रेल्वेचा वाटा मोठा होता.

नदीकाठचे खेडे, जंक्शनचे गाव

मध्ययुगापासून चोप हे हंगेरीच्या राज्यातले शेतकऱ्यांचे खेडे होते. हंगेरियन भाषेत त्याचे नाव ‘चॉप’. तिसेच्या पुराची जमीन, गुरे, शेती यापलीकडे त्याची ओळख नव्हती. १८६७ मध्ये ऑस्ट्रियाशी झालेल्या समझोत्याने हंगेरीला अंतर्गत कारभार मिळाला आणि देशभर झपाट्याने लोहमार्ग टाकले जाऊ लागले. ईशान्य हंगेरीतले काम ‘हंगेरियन ईशान्य रेल्वे’ या कंपनीकडे होते. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे मार्ग चोपमध्ये एकत्र आले : न्यिरेजहाझाहून म्हणजे बुडापेस्टच्या बाजूने येणारा, उंगवारला (आजचे उझहोरोद) जाणारा, मुंकाचला (आजचे मुकाचेवो) जाणारा आणि तिसेच्या खोऱ्यातून पूर्वेला मारामारोशकडे वळणारा.

मारामारोशचे मीठ आणि कार्पेथियन डोंगरातले लाकूड हंगेरीच्या मैदानात उतरवायला हे मार्ग सोयीचे होते. १८८७ मध्ये मुंकाचच्या पुढे बेस्कीद खिंडीतल्या बोगद्यातून रूळ डोंगरापलीकडे गॅलिशियात पोचले आणि बुडापेस्ट ते ल्विव असा सलग प्रवास शक्य झाला. शेतकऱ्यांच्या खेड्यात आता रेल्वे कामगारांची कुटुंबे राहायला आली. गाव जंक्शनचे झाले.

रुळांसाठी आखलेली सीमा

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले. ४ जून १९२० च्या ट्रायानॉन तहाने हंगेरीची नवी सीमा ठरली आणि चोप चेकोस्लोव्हाकियात गेले. भाषेचा निकष लावला असता तर हे हंगेरियन बहुसंख्येचे गाव हंगेरीतच राहिले असते. परंतु चेकोस्लोव्हाकिया आणि रुमानिया या नव्या मित्रराष्ट्रांना एकमेकांशी जोडणारा लोहमार्ग हवा होता. तो चोपहून पूर्वेकडे किरायहाझामार्गे रुमानियाकडे जात होता. या एका मार्गासाठी त्याच्या काठची हंगेरियन गावे सीमेपलीकडे गेली. नकाशावरची रेघ रुळांच्या मागोमाग ओढली गेली.

ही सीमा अठरा वर्षे टिकली. २ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हिएन्नात जर्मनी आणि इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिलेल्या निवाड्याने चोप, उंगवार, मुंकाच हा पट्टा हंगेरीला परत मिळाला. स्थानकावरच्या पाट्या पुन्हा बदलल्या. त्यानंतर आलेले महायुद्ध इथल्या लोकांसाठी आधीच्या सगळ्या सत्तांतरांपेक्षा भीषण ठरले. मे १९४४ मध्ये उंगवार आणि मुंकाचच्या वस्त्यांत कोंडलेल्या हजारो ज्यू कुटुंबांना मालडब्यांत भरून ऑशविट्झला नेण्यात आले. मीठ आणि लाकूड वाहण्यासाठी टाकलेले रूळ माणसांना मृत्यूकडे नेण्यासाठी वापरले गेले. पिढ्यान्‌पिढ्या या भागात राहिलेला ज्यू समाज काही आठवड्यांत जवळजवळ नाहीसा झाला.

ऑक्टोबर १९४४ च्या अखेरीस लाल सैन्य कार्पेथियन ओलांडून खाली उतरले. मुकाचेवो आणि उझहोरोद लवकर पडले, पण चोपसाठी नोव्हेंबर अखेरपर्यंत लढाई चालली. जंक्शन हातचे गेले तर मागे हटण्याची वाट तुटणार हे जर्मन आणि हंगेरियन सैन्याला ठाऊक होते. त्याच महिन्यात झाकार्पात्यातल्या १८ ते ५० वर्षांच्या हंगेरियन आणि जर्मन पुरुषांना ‘थोडेसे काम आहे’ असे सांगून गोळा करण्यात आले आणि छावण्यांत धाडण्यात आले. त्यांतले अनेक जण परतलेच नाहीत. ‘थोडेसे काम’ याचे मूळ रशियन शब्द ‘मालेन्की रोबोत’ या अपभ्रष्ट रूपात हंगेरियन भाषेत राहिले आणि त्या हद्दपारीचे नाव होऊन बसले.

२९ जून १९४५ च्या करारानुसार चेकोस्लोव्हाकियाने हा प्रदेश सोव्हिएत संघाला दिला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चोप स्लोव्हाकियाच्या हद्दीत मोडत होते. तरीही जंक्शन म्हणून ते आणि आसपासची काही गावे सोव्हिएत संघाकडे गेली. पंचवीस वर्षांत दुसऱ्यांदा या गावाचा देश रेल्वेने ठरवला.

पंच्याऐंशी मिलिमीटरची दरी

सोव्हिएत संघात गेल्यावर चोपला नवे महत्त्व आले ते रुळांमधल्या अंतरामुळे, म्हणजे गेजमुळे. पश्चिम आणि मध्य युरोपात बहुतेक ठिकाणी दोन रुळांतले अंतर १४३५ मिलिमीटर असते. रशियात १८४० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग–मॉस्को मार्गासाठी अमेरिकन अभियंता जॉर्ज वॉशिंग्टन व्हिस्लर यांच्या सल्ल्याने पाच फुटांचे गेज निवडले गेले. पुढे त्याचे प्रमाण १५२० मिलिमीटर असे ठरले. फरक ८५ मिलिमीटरचा, जेमतेम चार-पाच बोटांचा. पण तेवढ्याने एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाही.

चोपपर्यंत रुंद रूळ आले आणि हे स्थानक दोन गेजच्या सांध्यावर आले. मालाच्या बाबतीत उपाय म्हणजे तो एका गाडीतून दुसरीत भरणे. पेट्या आणि लाकडाचे ओंडके यारीने उचलले जात, तेल पंपाने ओढले जात असे. खनिजासाठी सीमेपलीकडच्या यार्डांत रुंद रूळ उंचावर आणि अरुंद रूळ खाली ठेवण्याची युक्ती होती, म्हणजे वरच्या वाघिणीतला माल सरळ खालच्या वाघिणीत ओतता येई. हा व्याप एवढा वाढला की सीमेपलीकडे हंगेरीत झाहोनी आणि चेकोस्लोव्हाकियात चिएर्ना नाद तिसोऊ ही ठिकाणे माल उतरवण्या-चढवण्यावरच वाढली. चिएर्नाचे मोठे स्थानक तर चोप हातचे गेले म्हणूनच उभारावे लागले.

प्रवासी गाडीसाठी वेगळी पद्धत होती. डबे एकेक सुटे करून लांब शेडमध्ये आणत आणि प्रत्येक डब्याच्या चार कोपऱ्यांना विजेवर चालणारे जॅक लावत. आपल्याकडे बोलताना डब्यालाच बोगी म्हणतात, पण रेल्वेच्या तांत्रिक भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाके आणि स्प्रिंगा बसवलेली चौकट. डबा वर उचलला की मधल्या खुंट्यावर टेकलेली ही चौकट मोकळी होई. मग रुंद चाकांच्या बोग्या खालून ढकलून बाहेर काढत, अरुंद चाकांच्या आत सरकवत आणि डबा हलकेच खाली बसवत. जोडणीही बदलावी लागे, कारण सोव्हिएत डब्यांना आपोआप अडकणारे कपलिंग आणि युरोपीय डब्यांना फिरवून आवळायचे स्क्रू कपलिंग. हे दोन-तीन तास प्रवासी आतच असत. खाली हातोड्यांचे आवाज चालू, आणि खिडकीबाहेर शेजारचा डबा जमिनीपासून माणसाच्या उंचीवर अधांतरी. त्याच मुक्कामात पासपोर्ट आणि कस्टमची तपासणी होई. मॉस्को–बुडापेस्ट धावणाऱ्या ‘तिसा एक्स्प्रेस’च्या प्रवाशांना सोव्हिएत भूमीवरचे शेवटचे दर्शन घडे ते चोपचे.

या व्यापाने गाव वाढवले आणि १९५७ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. सोव्हिएत काळात स्थानकाचे घड्याळ मॉस्कोच्या वेळेवर चाले. हंगेरियन घरांतली घड्याळे मात्र बुडापेस्टची वेळ दाखवत, आणि या भागात हा रिवाज अजूनही आहे. फलाटावर एक वेळ आणि स्वयंपाकघरात दुसरी, अशा दोन वेळांत गावाचा दिवस जाई.

फौजांची वाट

मालाच्या वाटेनेच फौजाही गेल्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव मोडण्यासाठी निघालेल्या सोव्हिएत तुकड्या याच भागातून तिसा ओलांडून गेल्या. १९६८ च्या उन्हाळ्यात चोपचे नाव आणखी एका कारणाने इतिहासात नोंदले गेले. चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणा रोखण्यासाठी २९ जुलै ते १ ऑगस्ट या काळात सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि त्यांचे सहकारी तिथले नेते अलेक्झांडर दुबचेक यांच्याशी चिएर्नाच्या रेल्वे कामगारांच्या क्लबमध्ये बोलणी करत होते. सोव्हिएत नेते दिवसभर तिथे बसत आणि रात्री त्यांची खास गाडी सीमा ओलांडून चोपला येई. मुक्काम आपल्याच हद्दीत असावा, अशी त्यांची दक्षता होती. समझोता झाल्याचे जाहीर झाले. पण २०-२१ ऑगस्टच्या रात्री रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले.

तेवीस वर्षांनी फौजा उलट दिशेने परतल्या. १९ जून १९९१ रोजी हंगेरीतल्या सोव्हिएत सैन्याचे सेनापती व्हिक्टर सिलोव्ह झाहोनीजवळच्या पुलावरून तिसा ओलांडून चोपच्या बाजूला आले आणि हंगेरीतला सोव्हिएत सैन्याचा मुक्काम संपला. दोन महिन्यांनी, २४ ऑगस्टला, युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केले. चोप आता स्वतंत्र देशाच्या सीमेवरचे स्थानक होते.

युद्धकाळातले दार

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चौफेर हल्ला चढवला तेव्हा विमानतळ बंद झाले आणि लाखो लोक रेल्वेने पश्चिमेकडे निघाले. चोप हे त्यांच्यासाठी हंगेरीत शिरण्याचे एक दार होते. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी असल्याने या सीमेवर अनेक कुटुंबांची ताटातूट झाली; बायका-मुले पुढे गेली, पुरुष मागे फिरले.

या घटनेचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. उझहोरोदच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी भारतीय दूतावासाने मार्ग म्हणून ज्या सीमानाक्यांची नावे जाहीर केली त्यांत चोप–झाहोनी होते. ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेत सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. त्यांत महाराष्ट्रातले विद्यार्थीही होते. अनेक घरांत चोप हे नाव पहिल्यांदा ऐकले गेले ते त्या दिवसांत, फोनवर.

काळ्या समुद्रातली बंदरे अडवली गेल्यावर युक्रेनचे धान्य रेल्वेने बाहेर काढावे लागले आणि गेजचा जुना प्रश्न नव्याने पुढे आला. प्रत्येक गाडीतला माल सीमेवर दुसऱ्या गाडीत भरायचा म्हटल्यावर वाघिणींच्या रांगा लागल्या. युद्धापूर्वीच, २०१८ च्या अखेरीस, बुडापेस्टहून चोपमार्गे मुकाचेवोपर्यंत थेट प्रवासी गाडी सुरू झाली होती. त्या मार्गावर दोन्ही गेजचे रूळ एकमेकांजवळ टाकलेले असल्याने ती चाके न बदलता धावू शकत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या मदतीने चोप ते उझहोरोद हा बावीस किलोमीटरचा मार्ग १४३५ मिलिमीटर गेजवर सुरू झाला आणि उझहोरोदहून निघालेल्या गाडीला सीमेवर जॅकवर चढण्याची गरज उरली नाही.

उझहोरोदला पहिली आगगाडी हंगेरियन कंपनीच्या काळात चोपहून आली तेव्हा तिची चाकेही याच १४३५ मिलिमीटरच्या रुळांवर धावत होती. उर्वरित युक्रेनकडे जाणारे रूळ अजून रुंद आहेत. त्यामुळे पूर्वेकडून येणारा माल या सीमेवर आजही एका वाघिणीतून दुसरीत भरला जातो.