साहित्यातील जुळी आणि प्रत्यक्षातील जुळी

जुळी म्हटली की आपल्याला आधी चेहऱ्यांचा घोळ आठवतो. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये दोन मालक जुळे आणि त्यांचे दोन नोकरही जुळे आहेत. मूळ कल्पना रोमन नाटककार प्लॉटस याची; नोकरांची दुसरी जोडी शेक्सपिअरने वाढवली. हेच नाटक पुढे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ‘भ्रांतिविलास’ (१८६९) या नावाने बंगालीत आणले आणि गुलजार यांनी त्यावरून ‘अंगूर’ (१९८२) हा हिंदी चित्रपट केला. अशा कथांचे गृहीतक एकच असते : चेहरा सारखा, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालतो.

हे गृहीतक कितपत खरे आहे? जुळ्यांचे मुख्य प्रकार दोन आहेत.

१. एकबीज जुळी : एकच फलित अंड विभागून दोन गर्भ तयार होतात. दोघांची जनुके जवळजवळ सारखी असतात.

२. द्विबीज जुळी : दोन वेगळी अंडी दोन वेगळ्या शुक्राणूंनी फलित होतात. त्यांच्यातील साम्य इतर सख्ख्या भावंडांइतकेच असते.

भाऊ-बहीण अशी जोडी सामान्यतः द्विबीजच असते. तरीही शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये व्हायोला आणि तिचा भाऊ सेबॅस्टियन ओळखू न येण्याइतके सारखे दिसतात. शेक्सपिअर स्वतः हॅमनेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा बाप होता. त्यांचा बाप्तिस्मा १५८५ मध्ये झाला. हॅमनेट १५९६ मध्ये अकराव्या वर्षी वारला. काही वर्षांनी लिहिलेल्या या नाटकात बुडाला असे वाटलेला भाऊ बहिणीला जिवंत भेटतो. त्या दुःखातूनच नाटक जन्मले, असे सिद्ध करता येत नाही. पण येथे जुळेपण केवळ विनोदासाठी नाही, विरहासाठीही आहे, हे लक्षात घ्या.

विज्ञानाला जुळ्यांमध्ये वेगळ्या कारणाने रस आहे. आनुवंशिकता आणि परिस्थिती यांचा वाटा तपासण्यासाठी जुळ्यांकडे पाहावे, हा विचार फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ मध्ये मांडला. एखाद्या गुणात एकबीज जुळी द्विबीज जुळ्यांपेक्षा अधिक सारखी असतील, तर तेथे जनुकांचा वाटा असल्याचे अनुमान आज काढतात. मात्र एकबीज जुळ्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे असतात, कारण गर्भाशयातील परिस्थितीही ठशांना आकार देते. म्हणजे वेगळेपणाची सुरुवात जन्माआधीच होते.

अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ (१९९७) मधील राहेल आणि एस्था ही द्विबीज जुळी आहेत. ती एकमेकांसारखी दिसत नाहीत. कादंबरी त्यांची मनाची जवळीक आणि ताटातूट सांगते.

जुळ्यांना एकसारखे कपडे घालणे, एकाच्या गुणांवरून दुसऱ्याला बोलणे, हे आपल्या घरांत सर्रास चालते. रंगभूमीवरचा घोळ अंक संपताच सुटतो. घरातला सुटण्यासाठी दोघांना दोन माणसे मानावे लागते.

विचार करा : तुमच्या भाषेतील जुळ्यांची एक कथा घ्या. ती चेहऱ्यांवर उभी आहे की नात्यावर?