पूर्णेच्या खोऱ्यांतील गाळ व खारें पाणी

वऱ्हाडांतील अकोट तालुक्यांत उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं विहीर पाडली, तर पाणी गोडें लागतें; दक्षिणेस पूर्णा नदीच्या बाजूस पाडली, तर तें बहुधा खारें लागतें. कर्ज काढून विहीर पाडावी आणि तिचें पाणी पिकास देण्याच्या लायकीचें नसावें, हा प्रसंग अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांवर आलेला आहे. याचा दोष कोणी दैवास देतात, कोणी पाणाड्यास. आमच्या मतें त्याचें मूळ त्या खोऱ्याच्या घडणींत आहे, व ती समजून घेतल्यास पुढील नुकसान बरेंच टळेल.

वऱ्हाडचा मूळ खडक म्हणजे काळा पाषाण होय. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसापासून तो झाला. पुढें सातपुड्याच्या पायथ्यालगत हा खडक पूर्वपश्चिम दुभंगला. उत्तरेकडील भाग वर उचलला गेला. तीच गाविलगडची रांग. दक्षिणेकडील भाग खालीं खचला. तेंच पूर्णेचें खोरें. ज्या भेगेच्या दोहों बाजूंचा खडक असा वरखालीं सरकतो, तीस भूगर्भशास्त्रांत प्रस्तरभंग म्हणतात.

दख्खनच्या बहुतेक नद्या खडकांत पात्र कोरतात व गाळ पुढें नेतात. म्हणून त्यांच्या कांठीं थोड्याच खोलीवर खडक लागतो. तळ खचत असला म्हणजे मात्र निराळें घडतें. तळ जसजसा खालीं जातो, तसतशी गाळास जागा होते. आणि डोंगर जसजसा उंचावतो, तसतसा ओढ्यांस वेग येऊन गाळही अधिक येतो. पूर्णेच्या खोऱ्यांत गाळाची जाडी कांहीं ठिकाणीं ३०० मीटरांहूनही अधिक भरते, ती यामुळेंच.

हा गाळ सर्वत्र सारखा बसलेला नाहीं. खळ्यावर उफणतांना दाणा जवळ पडतो व भूस दूर जातें, तशीच ही गोष्ट आहे. डोंगरांतून उतरलेला ओढा वेग मंदावतांच पायथ्याशीं धोंडे व गोटे टाकतो, पुढें वाळू टाकतो, आणि चिकणमाती खोऱ्याच्या मध्यापर्यंत नेतो. गोट्यांच्या थरांत पावसाचें पाणी लवकर मुरतें व खेळतें राहतें, म्हणून तें गोडें असतें. मध्यावरील चिकणमातींत निचरा फार मंद आणि हवा कोरडी. त्यामुळें क्षार धुऊन न जातां सांठले. हाच खारपाणपट्टा होय.

यावरून शेतकऱ्यानें काय घ्यावें? खारपाणपट्ट्यांत अधिक खोल गेल्यानें गोडें पाणी मिळेलच, असें मानूं नये. पाण्याची परीक्षा करविल्यावांचून तें काळ्या जमिनीस देऊं नये. त्यांतील सोडियममुळें माती आवळून कठीण होते व तिचा निचरा बंद पडतो. त्यापेक्षां शेततळ्यांत पावसाचें पाणी धरून हरभऱ्यास एखादें पाणी देणें श्रेयस्कर. पायथ्याकडील बागाइतदारांनीं उपशाबरोबर ओढ्यांचें पाणी त्या गोट्यांच्या थरांत मुरविण्याचीही तजवीज करावी. नाहींतर तेथील विहिरीही खोल जातील.

आणखी एक विनंती. विहीर खणतांना किती खोलीवर कोणता थर लागला व पाण्याची चव कशी निघाली, हें प्रत्येकानें लिहून ठेवावें. असा कागद शेजाऱ्याचें कर्ज वांचवील.