वाटाण्याएवढा खाऊ : नाजूक पोटाच्या छोट्या कुत्र्यासाठी काय निवडावं?

आजचा विषय तसा घरगुती आहे. घरात पाच-सहा किलोचं पॉमेरेनियन आहे, शिह त्झू आहे, नाहीतर पग आहे. जरा काही वेगळं खाल्लं की त्याचं पोट बिघडतं. आणि तरी आपण जेवायला बसलो की ते असं काही बघतं, की हात आपोआप ताटाकडे जातो. मग याला द्यावं तरी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांना एक यादी हवी असते. यादी आपण करूच. पण त्याआधी एक हिशेब समजून घेऊ. तो कळला नाही, तर चांगल्यात चांगला खाऊसुद्धा पोट बिघडवतो.

पाच किलोचा, नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये राहणारा प्रौढ कुत्रा घ्या. त्याची दिवसाची गरज साधारण ३५० कॅलरी असते. पशुवैद्यकात सर्वमान्य नियम असा, की खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये. म्हणजे याच्या वाट्याला आल्या ३५ कॅलरी. आता आपल्या स्वयंपाकघरात बघा. एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात, म्हणजे दीड बिस्किटात दिवसाचा कोटा संपला. चीजच्या एका क्यूबमध्ये ७५ ते ८० कॅलरी, म्हणजे दोन दिवसांचा खाऊ एका घासात गेला. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या मापात सांगायचं, तर आपण एका बैठकीत साडेपाच-सहा क्यूब खाण्यासारखं हे झालं. वर आपण म्हणतो, "एवढासा तुकडा तर दिला!" तुकडा आपल्यासाठी एवढासा असतो. त्याच्यासाठी तो निम्मं जेवण असू शकतो.

कॅलरीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्निग्धांश, साध्या भाषेत तेल-तूप. जास्त चरबीचं खाणं एकदम पोटात गेलं, तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. सतत उलट्या, पोटात तीव्र वेदना, खाणं बंद, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जिवावरही बेततं. मिनिएचर श्नाउझर, यॉर्कशायर टेरिअर अशा लहान जातींमध्ये हा धोका जास्त दिसतो. म्हणून चीज, पनीर, मलई, कोंबडीची कातडी, वेफर्स, दिवाळीतली चकली-शेव या सगळ्यांना नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी सरळ फुली मारा.

इथे एक आक्षेप हमखास येतो. "आमच्या गावाकडचा कुत्रा दूध-भाकरीवर बारा वर्षं जगला. त्याला कुठे काय झालं?" आक्षेप रास्त आहे, आणि त्यातला अर्धा भाग विज्ञानालाही मान्य आहे. २०१३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधल्या संशोधकांच्या अभ्यासात असं दिसलं, की पिष्टमय पदार्थ पचवणारं एन्झाइम तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या सोबतीनं राहता राहता कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला. तेव्हा भाकरीचा साधा तुकडा हा काही गुन्हा नाही. दुधाची गोष्ट वेगळी. पिल्लू मोठं होतं तसं दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी होत जातं. काहींचं तरी निभतं, काहींना जुलाब होतात. गावाकडचा तो कुत्रा निभलेल्यांपैकी होता. ज्यांचं निभलं नाही, त्यांच्या गोष्टी आपण सांगत बसत नाही, एवढाच फरक.

आता यादीकडे येऊ. सुरुवात सगळ्यात सुरक्षित खाऊपासून. तुमच्या कुत्र्याला जे रोजचं अन्न पचतंय, तेच त्याचा खाऊ म्हणून वापरा. सकाळी दिवसाचं कोरडं खाद्य मोजलं, की त्यातलं मूठभर एका डबीत बाजूला काढायचं आणि दिवसभर त्यातलाच एकेक दाणा द्यायचा. "पण त्याला कळेल ना, की हे रोजचंच आहे!" कळेल. तरी तो आनंदानं खाईल, कारण हातातून, नाव घेऊन, शाबासकीसोबत मिळालेला दाणा त्याच्या लेखी वेगळा असतो. डॉक्टरांनी पोटासाठी खास आहार लिहून दिला असेल, तर दुसरा पर्यायच ठेवू नका. अशा आहाराची परीक्षा चालू असताना बाहेरचा एक तुकडासुद्धा निष्कर्ष बिघडवतो, आणि आठवड्यांची मेहनत वाया जाते.

दुसरा गट भाज्या-फळांचा. वाफवलेला लाल भोपळा, वाफवलेलं गाजर, फरसबी, थोडंसं उकडलेलं रताळं, बिया आणि गाभा काढलेलं सफरचंद, बिया काढलेली पपई. हे सगळं मीठ, तेल, फोडणी यांच्याशिवाय. लाल भोपळ्यातल्या तंतूंमुळे शी बांधून यायला बऱ्याचदा मदत होते. मात्र जास्त दिला तर तोच पोट ढिलं करतो. एक चमचा पुरे.

तिसरा गट प्रथिनांचा. कातडी आणि हाडं काढून, नुसत्या पाण्यात शिजवलेली कोंबडीची छाती. दहा ग्रॅममध्ये साधारण १६ कॅलरी, म्हणजे बोटभर तुकड्याचे आठ-दहा दाणे होतात आणि कोटाही शिल्लक राहतो. पण एक सावधगिरी. कुत्र्यांमध्ये अन्नाची ॲलर्जी ज्या पदार्थांमुळे जास्त आढळते, त्यांत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि गहू यांच्यासोबत कोंबडीही आहे. "चिकन तर हलकं असतं" हे सगळ्यांना लागू नाही. जुलाबांसोबत सतत खाज, पंजे चाटणं, कान बिघडणं असं चालू असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा.

बाजारातला खाऊ घ्यायचा असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांची यादी छोटी असावी आणि मांस नेमकं कोणतं ते लिहिलेलं असावं. साखर, ग्लिसरीन, रंग यांची गर्दी नको. कोरड्या खाऊत स्निग्धांश १० टक्क्यांच्या आत असेल तर बरं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, पाकीट उघडं राहिलं की आतलं सादळतं आणि बुरशी धरतं. घट्ट झाकणाचा डबा वापरा, आणि वासाची शंका आली तर फेकून द्या.

आता 'कधीच नाही' अशी यादी. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा पावडर. यानं तांबड्या रक्तपेशी फुटतात. चॉकलेट. झायलिटॉल घातलेले शुगरफ्री पदार्थ. यानं रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. शिजवलेली हाडं. द्राक्षं, मनुका, बेदाणे; म्हणजे प्रसादाचा शिरा आणि लाडूही आलेच. द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे माहीत होतं, कारण मात्र सापडत नव्हतं. अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात, चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाल्याची नोंद आहे, आणि चिंचेत हेच आम्ल भरपूर असतं. आपली चिंच-गुळाची आमटी भातावर घालून देण्याआधी हे आठवा.

नवा खाऊ सुरू कसा करायचा? एका वेळी एकच. पहिल्या दिवशी वाटाण्याएवढा एक तुकडा. मग तीन-चार दिवस दुसरं काही नवीन नाही. शी कशी आहे, वायू होतोय का, उलटी झाली का, हे कॅलेंडरवर दोन शब्दांत लिहा. पोट बिघडलंच, तर कशानं बिघडलं ते ठाऊक असेल. एकाच आठवड्यात चार नव्या गोष्टी दिल्या, तर दोषी कोण ते डॉक्टरही सांगू शकणार नाहीत.

आकार वाटाण्याएवढा का? कुत्र्याच्या जिभेवरच्या चवीच्या पेशी आपल्यापेक्षा बऱ्याच कमी, आणि नाक मात्र कितीतरी तिखट. तो तुकडा चघळत चव घेत बसत नाही, वास घेतो आणि गिळतो. एका मोठ्या तुकड्याचे पाच केले, तर त्याच्या हिशेबी पाच वेळा खाऊ मिळाला. पोटाला मात्र भार एकाचाच.

काही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, शी किंवा उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, पुढचे पाय खाली टेकवून मागचा भाग वर ठेवणं, पाणीही न टिकणं, मलूल पडणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. छोट्या जातीचं पिल्लू असेल तर आणखी घाई करा, त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयब्युप्रोफेनसारख्या, अजिबात नाहीत. त्यांनी पोटात व्रण होतात.

शेवटचा मुद्दा, आमच्या मते सगळ्यात कठीण. बहुतेक घरांत कुत्र्याला एक माणूस खाऊ घालत नाही. सकाळी आजोबा चहासोबत बिस्कीट देतात, दुपारी कामाला येणाऱ्या मावशी पोळीचा तुकडा देतात, संध्याकाळी मुलं चीज, रात्री आई ताटातला घास. प्रत्येकाचा हात प्रेमाचाच असतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपण थोडंसंच दिलं. पोटात मात्र बेरीज होते. आजोबांना "देऊ नका" म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ते लपून देतील. म्हणून सकाळी भरलेली ती एक डबी ओट्यावर ठेवा. ज्याला लाड करायचे, त्यानं त्यातूनच करायचे. डबी रिकामी झाली की त्या दिवशी कुरवाळणं, चेंडू, नाहीतर खाली एक फेरी. आजोबांचा सकाळचा चहा तसाच राहील, फक्त बिस्किटाच्या जागी भोपळ्याचा एक तुकडा येईल. आपल्या दोस्ताला त्यांच्या हातचं काहीतरी हवं असतं, आणि ते त्याला मिळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.