हेराल्डचा जीर्णोद्धार

संस्कृतच्या मास्तराने मोटारीविषयी लिहावयास बसावे, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. मजपाशी मॅट्रिकचे सर्टिफिकेट, सदतीस वर्षे मुलांकडून घोकून घेतलेली रूपावली आणि एक सायकल, याहून मोठी सामग्री कधीच नव्हती. मोटार होती ती आमच्या थोरल्या बंधूंची, म्हणजे दादांची. ती आर्वीच्या आमच्या घरामागील गोठ्यात जवळजवळ तीस वर्षे चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नसे. ते का, हे पुढे येईलच.

गाडी १९६६ सालची, स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. दादांनी ती १९७९ मध्ये नागपुरास जुनी म्हणून घेतली. आमच्या पिढीतील वाचकांस हेराल्ड आठवत असेल. रस्त्यांवर अँबॅसॅडर आणि फियाट या दोघींचेच राज्य होते, त्या काळी ही तिसरी, जराशी नखरेल. विलायतेत कॉव्हेंट्री येथील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ मध्ये प्रथम काढली, तिचे रूप ट्यूरिनच्या मिकेलोत्ती नामक कलावंताने रेखाटले, आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने ती आपल्याकडे बांधली. पुढे चार दारांची हेराल्ड निघाली, ती तर केवळ हिंदुस्थानातच झाली. १९७२ मध्ये तिची जागा गॅझेल नावाच्या गाडीने घेतली. आता ती कंपनीही राहिली नाही.

या गाडीची घडण जरा निराळी आहे. इतर मोटारी तोवर एकसंध पत्र्याच्या होऊ लागल्या होत्या. परंतु असे अखंड सांगाडे बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती गेल्यामुळे स्टँडर्ड-ट्रायम्फला जुन्या पद्धतीची स्वतंत्र चासी करून तिच्यावर तुकड्यातुकड्यांनी अंग बोल्टांनी बसविणे भाग पडले. अडचणीतून सोय निघाली ती अशी. छत काढले की उघडी गाडी, निराळे बसविले की सामानाची गाडी. बॉनेट दोन्ही पंखांसकट पुढे कलंडते, आणि माणूस पुढच्या टायरवर बसून इंजिनाचे काम करू शकतो. शिवाय गाडी इतक्या थोड्या जागेत वळते की, आमच्या बोळात बैलगाडीस जे साधत नाही ते तिला सहज साधते. आणि गंमत अशी की, हीच चासी आठ-साडेआठ इंचांनी आखूड करून १९६२ मध्ये त्याच कंपनीने स्पिटफायर ही दोघांची शर्यती मोटार काढली. तेव्हा आमची हेराल्ड ही एका स्पोर्ट्स कारची थोरली बहीण होय.

हे नाते माझ्या पुतण्यास ठाऊक होते, आणि तेथूनच वादास तोंड फुटले.

पुतण्या पुण्यास इंजिनियर आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो आर्वीस येऊन राहिला. कचेरीचे काम घरूनच, संध्याकाळ रिकामी. एके दिवशी गोठ्याचे कुलूप उघडून तो आत गेला तो काळोख पडेपर्यंत बाहेर आला नाही. जेवताना म्हणाला, “काका, बाबांची गाडी मी चालू करणार. पण नुसती चालू नव्हे. छत कापून उघडी करू, दोन कार्ब्युरेटर बसवू, स्पिटफायरसारखी करू. वेळ पडल्यास नव्या मारुतीचे इंजिन घालू.” वहिनी ताटावरून उठून आत गेल्या. त्या का उठल्या हे पोरास कळले नाही, कारण १९९१ मध्ये तो अवघा दोन वर्षांचा होता.

त्या वर्षीच्या वैशाखात दादा व वहिनी लग्नाहून परत येत होते. घराच्या कोपऱ्यावर गाडी अगदी हळू वळत असता पुढचे उजवे चाक एकाएकी आडवे पडले आणि गाडी नाकावर बसली. वेग चालण्याइतकाच होता म्हणून निभावले. वहिनींचे मनगट मात्र मोडले, ते पुढे कधी पूर्ववत वळले नाही. हेच वर्धा रस्त्यावर घडते तर? दादांनी हा प्रश्न स्वतःस इतक्यांदा विचारला की, अखेर गाडी ठोकळ्यांवर चढविली ती त्यांच्या हयातीत उतरली नाही. २०१४ मध्ये ते गेले. दोष आपल्या चालविण्याचा, अशीच त्यांची समजूत होती.

ती समजूत चुकीची होती, हे आम्हांस २०२० मध्ये कळले. आमच्याकडे एक वृद्ध मिस्त्री आहेत. तरुणपणी त्यांनी नागपुरास हेराल्डवर पुष्कळ काम केले. मोडलेला भाग दादांनी एका डब्यात जपून ठेवला होता. तो मिस्त्रींनी पाहिला, नखाने खरवडला, आणि ते म्हणाले, “गुरुजी, साहेबांचा काही कसूर नव्हता. यात ग्रीस भरलं आहे.”

याचा अर्थ थोडा सविस्तर सांगणे जरूर आहे. कारण ज्यांच्या घरी हेराल्ड, गॅझेल वा तिच्या गोत्रातील गाडी असेल त्यांच्या तो जिवाचा आहे. पुढच्या चाकास धरणारा जो पोलादी उभा दांडा, त्याच्या खालच्या टोकास आटे असतात, आणि ते टोक ट्रनियन नावाच्या पितळी ठोकळ्यात फिरते. सुकाणू वळवावे तसा दांडा नटात बोल्ट फिरावा तसा फिरतो. या आट्यांत गिअरचे जाड तेल घालावयाचे असते, ग्रीस नव्हे. कंपनीने ते स्पष्ट सांगितले होते. तेल आट्यांतून खालवर झिरपते. ग्रीस वरच राहते, वाळून घट्ट होते, खाली पाणी शिरते, पोलाद गंजते, आणि आटे जेथे संपतात तेथे चीर पडते. मग एक दिवस, बहुधा गाडी हळू असता व चाक पूर्ण वळविलेले असता, दांडा तुटतो. बाहेरून काही दिसत नाही. अपघातापूर्वी गाडी एका मोठ्या शहरातील कारखान्यात सर्व्हिसिंगला दिली होती. तेथील कारागिराने इतर सर्व गाड्यांप्रमाणे हिच्यातही ग्रीस भरले. त्याने आळस केला असे मी म्हणत नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

वहिनींस हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “त्यांना हे कळायला हवं होतं.”

त्या दिवसापासून पुतण्याच्या बोलण्यातील रोख पालटला. तथापि छताचा हट्ट राहिलाच होता. मी त्यास मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. भिक्षू नागसेन राजास विचारतो की, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ की चाके, की जू? राजा एकेकास नाही म्हणतो. पुतण्या हसून म्हणाला, “म्हणजे काका, कोणताच भाग रथ नसेल तर सगळेच बदलायला हरकत नाही!” तर्क बिनतोड होता. मला निरुत्तर व्हावे लागले. आमच्याच जिल्ह्यात जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड मोटारीस बैल जोडून गांधीजींकरिता वाहन केले आणि त्याला थट्टेने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत, ही गोष्ट जुनी माणसे सांगतात. इंजिन बदलण्याचा याहून मूलगामी प्रकार कोणता असणार?

शेवटी माझ्या मदतीस शास्त्र आले नाही, कायदा आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. छत कापणे त्यात सरळच मोडते. दुसरे असे की, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांकरिता स्वतंत्र ‘विंटेज’ नोंदणीचे नियम केले; नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात व क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, अंग वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नको, आणि अशी गाडी प्रदर्शन, संमेलन, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आम्ही तो मार्ग घेतला नाही, कारण गाडी देवळातील पालखीप्रमाणे वर्षातून एकदा काढावयाची नव्हती. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. तरी उद्या कोणास विंटेज नोंदणी हवी झाली तर दार बंद होऊ नये, एवढे पुतण्यास पटले. छत वाचले.

मग काय बदलावयाचे? येथे मिस्त्री, पुतण्या व मी यांचे सुदैवाने एकमत झाले. जे जीव घेऊ शकते ते आधी बदलावे. ब्रेकचे जुने एकच मंडळ होते, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तेथे दुहेरी मंडळाचा सिलिंडर बसविला. पुढच्या चाकांस ड्रमऐवजी स्पिटफायरचे डिस्कब्रेक घातले. बहिणीचा दागिना बहिणीस शोभतोच. दोन्ही उभे दांडे व ट्रनियन नवे घातले. विलायतेत १९७७ पासून ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब नावाची मंडळी या गाड्या सांभाळीत आहेत आणि सुटे भाग तेथे आजही नवे होतात. मद्रासच्या गाडीचे सामान कॉव्हेंट्रीच्या बाजूने यावे, हा काळाचा महिमा.

मागील चाकांचा एक जुना दोष होता. ती स्वतंत्र असून एका आडव्या पाट्यावर झुलतात. वळणावर चालकाने भिऊन पाय एकाएकी काढला तर मागचा भाग उचलतो, चाक आत दुमडते आणि गाडी शेपूट फेकते. १९७० च्या स्पिटफायरमध्ये कंपनीने हा पाटा मध्यभागी झुलता करून दोष पुष्कळसा घालविला. तो पाटा आम्ही घेतला. त्याबरोबर पुढचा जाड दांडाही घ्यावा लागतो, एक घालून दुसरा न घातल्यास तोल बिघडतो. पुतण्यास अर्धेच सामान स्वस्तात मिळत होते. मिस्त्रींनी हात जोडून नाही म्हटले.

खरा मुलुखाचा प्रश्न इंधनाचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. ते शिसे जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करी; त्याच्या अभावी बिडाच्या डोक्यातील एक्झॉस्टची बैठक हळूहळू खचते. नागपुरास डोके देऊन कठीण पोलादाच्या बैठका बसविल्या. नंतर इथेनॉल आले. २०२५ पासून पेट्रोलमध्ये ते शेकडा वीस असते. शेतकऱ्यास त्याचा लाभ होत असेल तर मला त्याविषयी तक्रार नाही. परंतु जुन्या रबरी नळ्या व पंपातील पडदा ते मऊ करून खाते, हवेतील ओल ओढते, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीस गंज देते. नळ्या व पडदा इथेनॉल सोसणारे घातले, कार्ब्युरेटरचा मुख्य जेट एक अंक मोठा केला, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी काढण्याचा नियम केला. मे महिन्यात पारा शेहेचाळिसाच्या वर जातो तेव्हा पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. दादा पंपावर ओले फडके गुंडाळीत. आम्ही नळी एक्झॉस्टपासून दूर नेली व विजेचा पंखा बसविला. पंख्याकरिता वीज अधिक लागते म्हणून डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. फडके मात्र मी डिकीत ठेवले आहे, आणि ते दोनदा उपयोगी पडले.

दोन कार्ब्युरेटर घातले नाहीत. स्पिटफायरच्या ११४७ घनसेंटिमीटरच्या इंजिनास ते शोभतात. आमचे ९४८ चे, तीन बेअरिंगांवर फिरणारे, पन्नाशी ओलांडलेले. पुतण्या म्हणाला, “पुढच्या वर्षी पाहू.” मी काही बोललो नाही.

माझ्याकडे एकच काम आहे. दर हजार किलोमीटरांस पिचकारीने ट्रनियनमध्ये नव्वद नंबरचे तेल घालावयाचे, ताजे तेल बाहेर डोकावेपर्यंत. गोठ्याच्या भिंतीवर खडूने मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: “येथे ग्रीस घालू नये.” शाळेतील फळ्यावर लिहिताना माझे अक्षर कधी इतके नीट आले नव्हते.

गेल्या कार्तिकात पुतण्याने कौंडिण्यपूरला जावयाचे काढले. वर्धेपलीकडे रुक्मिणीचे माहेर; आमच्या घरचा जुना परिपाठ, तोही १९९१ नंतर बसनेच चाललेला. वहिनी ओटीचे साहित्य घेऊन बाहेर आल्या. गाडीपाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “भाऊजी, तेल घातलंत?”

“काल संध्याकाळी,” मी म्हणालो, “दोन्ही बाजूंना.”

त्यांनी डाव्या हाताने दार उघडले आणि पुढच्या जागेवर बसल्या.