शेजारची म्हैस आणि मुल्ग्याचे रान

ग्रामीण शाखेत नवा असताना एका कर्जदाराची म्हैस पाहायला गेलो होतो. जनावर दणकट, समाधानाने शेरा मारला. आठवड्याने पलीकडच्या आळीत दुसऱ्या कर्जाच्या तपासणीला गेलो, तर तीच म्हैस तिथे रवंथ करत उभी! ऑस्ट्रेलियातील कार्बनच्या जंगलांविषयी वाचताना मला ती हमखास आठवते.

न्यू साउथ वेल्समधील बर्क, कोबार आणि उत्तरेला लागूनचा नैर्ऋत्य क्वीन्सलँड हा तांबड्या मातीचा, कमी पावसाचा मेंढपाळी मुलूख. 'मुल्गा' हे इथले झाड, आपल्या बाभळीच्या गोतातले. २०११च्या कायद्यानंतर तिथे एक पद्धत आली. तीत झाड लावायचेच नाही. मेंढ्या-गुरे कमी करायची, मोकाट बकऱ्या आवरायच्या, तोड थांबवायची. जमिनीतले बी आणि जुनी खोडे आपणहून फुटतात. २ मीटर उंची आणि २० टक्के छाया एवढे रान वाढले की ते जंगल. त्याने शोषलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे एक क्रेडिट मिळते. सरकार किंवा कारखाने ते विकत घेतात. बदल्यात २५ किंवा १०० वर्षे रान राखायचे. दुष्काळाने गांजलेल्या मेंढपाळाला हा आधारच.

२०२२मध्ये प्राध्यापक अँड्र्यू मॅकिन्टॉश यांनी आक्षेप घेतला. या योजनेवर देखरेख करणाऱ्या समितीचे ते माजी अध्यक्ष. त्यांचे म्हणणे असे, की पुष्कळ झाडे आधीपासूनच होती आणि जी वाढली ती चराई थांबल्याने नव्हे, तर पावसाने. त्याच वर्षी इयान चब यांच्या समितीने योजना मुळात ठीक असल्याचा निर्वाळा देऊन सुधारणा सुचवल्या. २०२३मध्ये या पद्धतीची मुदत संपली. नवे प्रकल्प थांबले, जुने चालू राहिले. वाद मिटला नाही.

हा वाद केवळ हिशेबाचा नाही. त्या क्रेडिटच्या भरवशावर कुठेतरी एक धुरांडे चालू राहते. झाड कागदावरचे निघाले, तरी धूर खराच असतो.

आपल्या केंद्र सरकारनेही २०२३मध्ये कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची योजना जाहीर केली. उद्या एखाद्या माळावर असा प्रकल्प आला, तर दोनच प्रश्न विचारावेत: हे झाड आधी होते का? आणि राखण केली नसती, तर ते वाढले नसते का?

आम्ही पुढे म्हशीच्या कानातला बिल्ला तपासल्याशिवाय शेरा मारत नसू. रानाचा बिल्ला म्हणजे पहिल्या दिवसाची खरी नोंद.