समुद्राचा कायदा आणि महाडची ओटी

महाड-पोलादपूरकरांस सागरी कायद्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु सावित्री बाणकोटास समुद्राला मिळते. भरतीचें पाणी खाडींतून वर चढलें कीं महाडच्या पुराचा निचरा अडतो. २०२१ सालीं आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनीं, २२ जुलैस, महाड बुडालें व तळियेची वाडी दरडीखालीं गाडली गेली. समुद्र व हवा तापल्यानें अशा पावसाचा जोर वाढतो. हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणानें २१ मे २०२४ रोजीं अभिप्राय दिला कीं, तापकारी वायु हें १९८२ च्या सागरी करारान्वयें समुद्राचें प्रदूषणच होय व तें रोखणें राष्ट्रांचें कर्तव्य आहे. अभिप्रायानें पूर ओसरत नाहीं, हें खरें. पण कर्तव्य नोंदलें गेलें कीं जाब विचारतां येतो. तो अधिकार महाडच्या ओटीवर बसणारासही आहे, असें आम्हांस वाटतें.